कपाट रद्दीत काढण्याआधी: नाशिकच्या निवृत्त अभियंत्यांच्या कुटुंबीयांना खुलं पत्र

प्रति,
मेरी, म्हसरूळ, गंगापूर रोड, इंदिरानगर आणि नाशिकच्या इतर भागांत राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांचे कुटुंबीय

सप्रेम नमस्कार.

निधनवार्ता चार ओळींची असते. 'पाटबंधारे खात्यातील निवृत्त उपअभियंता यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' शोकसभेत त्याला मनमिळाऊ, प्रामाणिक आणि कुटुंबवत्सल ही तीन विशेषणं जोडली जातात. त्यात खोटं काही नसतं. पण माणसानं तीस-पस्तीस वर्षं नोकरीत नेमकं केलं काय, ते कुठेच येत नाही. पुढे महिन्या-दोन महिन्यांत खोली आवरायला काढली की कपाटातल्या वह्या, नकाशांच्या गुंडाळ्या आणि फायली रद्दीच्या काट्यावर जातात. जे शोकसभेत सांगायचं राहिलं, ते नेमकं त्याच गठ्ठ्यात असतं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे वय. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे जे कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. पाझर तलाव, खडी केंद्रं, मग रोजगार हमीची कामं, मोठ्या धरणांचे कालवे हे सगळं या पिढीच्या हातून गेलं. दारणा धरण १९१६ सालचं. त्यावर राबलेल्या मराठी ओव्हरसियरांपैकी किती जणांची नावं आज सांगता येतील? नांदूरमध्यमेश्वर २०२०मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आणि पक्षी बघायला माणसं लांबून येऊ लागली. ते पक्षी ज्या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर उतरतात, त्या बंधाऱ्यातून गोदावरीचे उजवा आणि डावा कालवा निघतात आणि निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती त्यावर उभी आहे, हे मात्र बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. विश्वेश्वरय्यांचं तसं झालं नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नोकरी सुरू झाली ती नाशिकलाच, आणि आपलं काम त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. बाकीच्यांचं घरच्यांना लिहावं लागणार.

आधी एक गोष्ट बाजूला काढा. निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत वेगळ्या पाकिटात ठेवा. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी कोषागारात आणि बँकेत पीपीओ आणि मृत्यूचा दाखला लागतोच. तिथे सेवापुस्तक कोणी मागितलं तर छायाप्रत द्या, मूळ हातचं सोडू नका. कारण आठवणी लिहायला बसाल तेव्हा खरा कणा तेच पुस्तक आहे. कोणत्या तारखेला कुठे रुजू झाले, कुठून कार्यमुक्त झाले, कोणत्या उपविभागात किती काळ होते, हे त्यात सहीशिक्क्यानिशी असतं. मधली पानं गहाळ असतील तर बदलीचे आदेश आणि प्रत्येक बदलीला मिळणारं अंतिम वेतन प्रमाणपत्र शोधा. ते साहेबांनी जपून ठेवलेलं असतंच, कारण त्याशिवाय नव्या ठिकाणी पगार निघत नसे.

तरीही फट राहते. ती भरायला घरातलेच कागद कामी येतात. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा. धरणावरच्या वसाहतीतली शाळा, मग तालुक्याची, मग नाशिकची, अशा क्रमानं तारखा सापडतात. बदल्या बहुतेक मे महिन्यात आणि शाळा जूनमध्ये, त्यामुळे दाखल्यावरचं साल आणि रुजू झाल्याचं साल सहसा जुळतं. जुळलं नाही, तर साहेब एकटे पुढे गेले आणि कुटुंब वर्षभर मागे राहिलं, असं समजा आणि आईंना विचारा. कोणत्या क्वार्टरमध्ये पाणी टँकरचं होतं, कोणत्या पावसाळ्यात साहेब आठ-आठ दिवस गेटवर होते आणि डबा कोण घेऊन जायचं, हे त्याच सांगतील. 'कुटुंबवत्सल' या शब्दाच्या जागी तेवढी दोन वाक्यं घातली तरी पुष्कळ.

आता गठ्ठ्याकडे. पहिला नियम असा, की निवडायला बसण्याआधी आहे त्या क्रमानं फोटो काढा. कोणत्या कप्प्यात, कोणत्या फायलीखाली काय होतं, ही सुद्धा माहिती आहे. एकाच दोरीनं बांधलेल्या वह्या एकाच कामाच्या असण्याची शक्यता मोठी. दोरी सुटली की तो धागाही सुटतो. घरखर्चाचे हिशेब आणि कामाच्या नोंदी एकाच डायरीत असतील तर पानं वेगळी करू नका. दुधाचे पैसे, फीची तारीख आणि खाली धरणाच्या पाझराचं माप, हे एका पानावर आहे म्हणूनच तारीख पक्की होते.

सर्वांत आधी वाचवायचे ते कागद दिसायला सर्वांत नवे असतात. फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडतात, कारण ती शाई नसून उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो. ते पहिल्या दिवशी स्कॅन करा. त्यानंतर अमोनिया प्रिंट, म्हणजे पांढऱ्या कागदावर जांभळट-निळ्या रेघांचे नकाशे. उजेडात ते फिके पडतात, त्यामुळे भिंतीवर फ्रेम करून लावायचा मोह टाळा. लावायचाच असेल तर स्कॅनची प्रत लावा. त्याहून जुने खरे ब्लू प्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेघांचे, मिळाले तर ते अमोनिया प्रिंटच्या गुंडाळीत एकत्र ठेवू नका. क्षारधर्मी पदार्थांनी त्यांचा निळा रंग मरतो. तिसरा प्रकार ट्रेसिंग क्लॉथचा. निळसर, गुळगुळीत, मेणकापडासारखा लागतो, पण त्यावर खळीचा लेप असतो. धूळ दिसली म्हणून ओल्या फडक्यानं पुसलात तर लेप विरघळतो आणि शाईची रेघ फडक्याबरोबर येते. मऊ कोरड्या ब्रशनं झटका, एवढंच.

लॅमिनेशन नको, कितीही जवळचं दुकान असलं तरी. उष्णतेनं अमोनिया प्रिंट काळवंडतो आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. कागदाच्या मागच्या बाजूनं पाय उघडून सरळ करा आणि मग काढा. नकाशा घड्यांत असेल तर उलगडून सपाट ठेवा किंवा जाड नळीवर बाहेरून गुंडाळा, वर पांढऱ्या सुती कापडाचा वेढा. कपाट लोखंडी असेल तर उत्तम, मात्र ते पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको आणि खालचा कप्पा जमिनीपासून चार-सहा इंच वर हवा. गोदाकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या सालांत पाणी कुठवर आलं होतं, ते गोदाकाठच्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला विचारावं. कागद भिजलेच, तर दोन दिवसांच्या आत वाळायला हवेत, नंतर बुरशी धरते. उन्हात टाकू नका. पंख्याखाली, मध्ये कोरा टीपकागद घालून, तो बदलत वाळवा. गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी असतील तर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे बाहेर काढा. विचित्र वाटेल, पण बुरशी तिथे थांबते.

लांबट, आडव्या पानांची वही सापडली तर ती बहुधा लेव्हल बुक, म्हणजे जमिनीची उंची मोजल्याची वही. रद्दीत सर्वांत आधी हीच जाते, कारण आकड्यांशिवाय तिच्यात काही दिसत नाही. रकाने असे असतात: ठिकाण, बॅक साइट (दुर्बीण मांडल्यावरचं पहिलं वाचन), इंटरमिजिएट (मधली वाचनं), फोर साइट (दुर्बीण हलवण्याआधीचं शेवटचं), मग चढ आणि उतार किंवा दुर्बिणीच्या रेषेची उंची, मग आर.एल. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची पातळी, आणि शेवटी शेरा. तपासायची रीत सोपी आहे. पानावरच्या सगळ्या बॅक साइटची बेरीज ४.२१५ मीटर आणि फोर साइटची ६.८८० मीटर आली, तर फरक उणे २.६६५. पहिली पातळी ५९२.३४५ असेल तर शेवटची ५८९.६८० यायलाच हवी. पानाच्या तळाशी हा मेळ पेन्सिलीनं मांडलेला असतो, तो साहेबांचा हात. मेळ मांडलेला असेल तर पान जागेवरचं आणि भरवशाचं. मेळ नसलेली, एका हातानं सुबक उतरवलेली वही कार्यालयात बसून केलेली नक्कलही असू शकते. खाडाखोड दिसली तरी खोडरबर लावू नका. चुकलेला आकडा पुसायचा नाही, आडवी रेघ मारून वर नवा लिहायचा, अशीच शिस्त होती.

खरा खजिना शेऱ्याच्या रकान्यात असतो. 'मारुती मंदिराची पायरी, उत्तर कोपरा', 'विहिरीचा कठडा', 'मोरीची हेडवॉल', असे तात्पुरते बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायच्या खुणा, त्यात लिहिलेले असतात. गाव धरणात गेलं असेल तर त्या देवळाची आणि विहिरीची उंची मिलिमीटरपर्यंत सांगणारी नोंद दुसरीकडे शोधून सापडायची नाही.

एकक मात्र आधी पाहा. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६चा, पण जुन्या प्रकल्पांच्या कागदांवर फूट, एकर, क्युसेक पुढेही चालू राहिले. 'साखळी क्र. ३२' म्हटलं तर साखळी शंभर फुटांची की तीस मीटरची? शंभर फूट म्हणजे ३०.४८ मीटर, ३२ साखळ्यांत पंधरा मीटरहून अधिक फरक पडतो आणि मोरी पलीकडच्या शेतात जाते. साठ्याचंही तसंच. गंगापूर धरणाची क्षमता वर्तमानपत्रात ५,६३० दशलक्ष घनफूट येते, तीच खात्याच्या कागदावर १५९ दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास दिसेल. १ दलघमी म्हणजे ३५.३१ दशलक्ष घनफूट. आकडे बदलून लिहू नका. जसा आहे तसा लिहा आणि शेजारी कंसात रूपांतर द्या.

एक गोष्ट मात्र घरात ठेवायची नाही. जाड बांधणीची, छापील क्रमांकाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., ही सरकारी नोंद आहे. ठेकेदाराचं देयक तिच्यावरून निघतं, आणि ती घरी कशी आली याची कारणं हजार असू शकतात. क्रमांक आणि पहिलं-शेवटचं पान टिपून ठेवा, संबंधित विभागीय कार्यालयात पत्रासोबत जमा करा आणि पोच घ्या. कार्यालयाच्या मूळ नस्तीचंही तसंच. धरणाचे दरवाजे, गॅलरी, उपकरणं यांचे तपशीलवार नकाशे असतील तर व्हॉट्सॲपच्या गटावर अभिमानानं टाकू नका. आधी कार्यालयाला दाखवा. त्यांना ते हवेही असतील. धरण सुरक्षितता कायदा २०२१चा आहे, आणि त्याखाली धरणाच्या मालकावर नोंदी राखायची जबाबदारी आहे. पाया किती खोल गेला, चर खणताना कुठे भेगाळ खडक लागला, ग्राउटिंगला (खडकाच्या भेगांत सिमेंट दाबून भरताना) कोणत्या भोकात सिमेंट जास्त खाल्लं, हे बांधकामाच्या वेळच्या माणसाच्या डायरीत असतं आणि आज पाझर वाढला तर तेच शोधावं लागतं.

पाझराच्या नोंदी ओळखायच्या कशा? तारीख, जलाशयाची पातळी, आणि व्ही-नॉचवरची, म्हणजे पाझर मोजायच्या व्ही-आकाराच्या खाचेवरची, पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये, असे तीन आकडे ओळीनं येतात. नव्वद अंशांच्या खाचेवर दहा सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण ४.४ लिटर पाणी जातं. उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींच्या वर जातं. म्हणून वहीत १० नंतर एकदम १४ दिसलं आणि त्याखाली दोन वेळा रेघ ओढलेली दिसली, तर त्या रात्री साहेब घरी का आले नसतील ते कळेल. जलाशयाची पातळी नसलेली पाझराची नोंद फारशी कामाची नाही. तरीही ठेवा, तारखेवरून पातळी कार्यालयात मिळू शकते.

छापील पुस्तकांचं मात्र फार मनावर घेऊ नका. सिंचनावरच्या १९६२च्या बर्वे आयोगाचा किंवा १९९९च्या चितळे आयोगाचा अहवाल ग्रंथालयांत मिळतो. जुने आय.एस. कोड (भारतीय मानकं) रद्द होऊन नवे आले. समासात हस्ताक्षर असेल तर ठेवा, नाहीतर जाऊ द्या. उलट टंकलिखित चार पानांचं टिपण, पातळ कागदावरची कार्बन कॉपी, 'अमुक वितरिकेला शेपटाकडे पाणी का पोचत नाही' अशा मथळ्याची, ती एकमेव असण्याचा संभव असतो.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, समोर वळ उठतो. मऊ पेन्सिल वापरा आणि नावं डावीकडून उजवीकडे लिहा. पहिल्या रांगेतल्या साहेबांची नावं सगळेच सांगतात. मागच्या रांगेतले मुकादम, रोलर चालवणारे, मोजणीदार, कालवा निरीक्षक, पाटकरी यांची विचारा. ज्यांना ती आठवतात ते सहकारी दरवर्षी कमी होतायत, त्यामुळे फोटो स्कॅन होईपर्यंत थांबू नका, तसाच घेऊन जा. स्कॅन कागदांना ३०० आणि फोटोंना ६०० डीपीआय. मोबाईलवर करत असाल तर दिवसा, फ्लॅशशिवाय, कडेला पट्टी ठेवून. फाइलच्या नावात साल, काम, प्रकार आणि क्रमांक एवढं असलं की झालं. एक प्रत घरातल्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या मुलीकडे किंवा मुलाकडे.

सहकाऱ्यांकडे गेल्यावर 'बाबा कसे होते?' असं विचारलंत तर उत्तर येईल, 'देवमाणूस'. तिथेच बोलणं संपतं. नकाशा समोर पसरा आणि कामाचं विचारा. घळभरणी, म्हणजे धरणात नदीसाठी ठेवलेली फट बुजवणं, कोणत्या वर्षी झाली? फेब्रुवारीत किती घळ बाकी होती? गाभ्याची काळी माती कुठल्या खाणीतून यायची? माती दाबायचे शीपफूट रोलर किती होते आणि ऐन मे महिन्यात कोणता बंद पडला? घळभरणी हा मातीच्या धरणाचा सगळ्यांत धोक्याचा हंगाम. नदीचा प्रवाह कमी झाल्यावर सुरू करायचं आणि पुराआधी भराव सुरक्षित पातळीला न्यायचा. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा सुटा थर, योग्य ओल, रोलरच्या फेऱ्या, मग कोअर कटरनं घनता, ती प्रॉक्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत काढलेल्या कमाल घनतेच्या, ९८ टक्के आली की वरचा थर. माती कोरडी राहिली तर दबत नाही, ओली झाली तर रोलरखाली रबरासारखी हलते. थर नापास करून उकरायला लावणारा कनिष्ठ अभियंता तेव्हा कोणालाच आवडत नसे. आज तेच सहकारी त्याचं नाव घेऊन हसत सांगतील. तेवढं रेकॉर्ड करा.

लिहिताना एक शब्द टाळा, 'धरणाचे शिल्पकार'. मोठं धरण पंधरा-वीस वर्षं चालतं आणि त्यावर अभियंत्यांच्या तीन तुकड्या येऊन जातात. संकल्पचित्रं नाशिकच्याच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत झालेली असतात, माती मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, तपासलेली असते. शोकसभेत मागच्या रांगेत बसलेल्यांना हे माहीत असतं, ते बोलत नाहीत एवढंच. त्याऐवजी असं लिहा: '१९७६ ते १९८०, कनिष्ठ अभियंता, अमुक प्रकल्प, डावा कालवा कि.मी. ४ ते ११. या लांबीत एक जलसेतू, सहा मोऱ्या, दोन विमोचक. पहिलं पाणी अमुक साली सोडलं.' यात बढाई नाही आणि कोणी खोडूही शकत नाही. सालाबद्दलही जपून. प्रशासकीय मान्यता, काम सुरू, घळभरणी, पहिलं पाणी आणि काम पूर्ण या पाचांची सालं वेगवेगळी असतात. दोन पुस्तकांत एकाच धरणाला दोन सालं दिसतात ती याचमुळे. कोणतं साल लिहिताय ते सांगून लिहा.

हे सगळं तेराव्याच्या आत व्हावं अशी कोणाची अपेक्षा नाही. वर्षश्राद्धापर्यंत दोन पानं झाली तरी चालेल. त्याची एक प्रत ज्या उपविभागात ते सर्वांत जास्त काळ होते तिथे द्या, एक मेरीच्या ग्रंथालयाला विचारून पाहा, एक सार्वजनिक वाचनालयाला. ज्या गावच्या चारीला त्यांनी पाणी पोचवलं, त्या गावच्या पाणीवापर संस्थेलाही एक पाठवा. तिथे ती नक्की वाचली जाईल, आणि चूक असेल तर फोनही येईल.

हस्ताक्षर लागत नसेल, लेव्हल बुकचा मेळ बसत नसेल, तर साहेबांच्या जुन्या डायरीतल्या फोननंबरांपैकी जो लागेल त्याला बोलवा. या वयात सकाळी दहानंतर बहुतेक जण घरीच असतात. येताना भिंग आणायला सांगा. चष्म्यानं ते आकडे वाचले जात नाहीत.

आपले,
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काही सहकारी
नाशिक